टॉकीज बंद करण्याची सभ्य पद्धत

आजोबांनी बांधलेल्या टॉकीजच्या उताऱ्यावर तुमचं नाव लागलं असेल, तर आधी अभिनंदन. सांगलीच्या पेठेत, स्टँडवरून चालत जाता येईल अशी, दोन बाजूंनी रस्ता असलेली एवढी मोठी जागा आज कुणाकडे आहे? सध्या तिच्यावर आठशे खुर्च्यांचं एक अडचणीचं बांधकाम उभं आहे, एवढंच. पण घाई करू नका. एकदम जेसीबी लावलात तर गाव अंगावर येईल. ही नाट्यपंढरी आहे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीतास्वयंवर' केलं, तिथपासून सुरुवात करून तुम्हाला संस्कृती शिकवतील. या गावात कलेवर बोलायला माणसं कधी कमी पडली नाहीत, कमी पडतात ती खिडकीवर. तेव्हा शहाण्या मालकानं टॉकीज पाडू नये. पडेल, अशी व्यवस्था करावी.

सुरुवात बायकांच्या संडासापासून करा. दाराची कडी तुटली की बसवू नका. आतला बल्ब गेला की डोअरकीपरला म्हणा, 'बघू पुढच्या महिन्यात.' नळाला पाणी ठेवायची गरज नाही, बादली ठेवा, मग्गा चोरीला जाऊ द्या. इंटरव्हलला एखादी बाई पोरीला घेऊन आत जाईल, नाकाला पदर लावून बाहेर येईल आणि घरी गेल्यावर एवढंच म्हणेल, 'टीव्हीवर लागेल की महिन्याभरात.' बाई आली नाही की पोरं येत नाहीत, पोरं नसली की नवरा एकटा कशाला येतोय? बघता बघता बाल्कनी रिकामी. मग सकाळच्या खेळाला असा पिक्चर लावा, ज्याच्या पोस्टरवर दोन ठिकाणी कागदाच्या पट्ट्या चिकटवाव्या लागतील. कॉलेजच्या पोरींना समोरच्या फुटपाथवरून जायचीसुद्धा लाज वाटली पाहिजे. एवढं झालं की गल्ल्यामागच्या खुर्चीत बसून, भेटेल त्याला सुस्कारा टाकून सांगायला तुम्ही मोकळे : 'फॅमिली ऑडियन्स राहिला नाही हो.' दीडशे रुपयांच्या कडीत एवढं मोठं सामाजिक कारण दुसरीकडे कुठं मिळत नाही.

खुर्च्यांचं रेक्झिन, आवाज, पंखे यांत फार डोकं घालू नका. ते आपापलं काम करत असतात. पंखा मात्र असा एक तरी राहू द्या, की नायिका हळू आवाजात बोलायला लागली की तो मोठ्यानं बोलेल.

ऑपरेटर हा नाजूक विषय. हा माणूस कार्बनच्या काळातला असतो. मशिनच्या पोटात दोन कांड्या समोरासमोर पेटवायच्या, त्या जळत जळत आखूड होणार, म्हणून मधलं अंतर हातानं सांभाळत बसायचं. जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडायचा आणि थर्डातून त्याच्या आईचा उद्धार व्हायचा. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, म्हणजे अडीच तासांच्या पिक्चरला चौदा-पंधरा रिळं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जायचा. तो दिसला की दुसरं मशिन चालू करायचं, दुसरा ठिपका दिसला की चित्र त्या मशिनवर घ्यायचं. आठशे माणसं पिक्चर बघायची, हा माणूस कोपरा बघायचा. कित्येक सुपरहिट पिक्चरची गोष्ट त्याला आजही धड सांगता येत नाही. एकच प्रिंट दोन टॉकीजना चालवायची असली तर इथं संपलेला डबा लुनावर बांधून मिरजेला पळवायचा. वाटेत पंक्चर झालं की मिरजेत नायक अर्ध्या गाण्यात अडकून पडायचा.

आता रिळं गेली. पिक्चर सॅटेलाइटवरून किंवा हार्डडिस्कमधून येतो, सर्व्हरमध्ये कुलूपबंद असतो आणि कंपनीनं किल्ली पाठवली तरच उघडतो. पैसे थकले की किल्ली येत नाही. म्हणजे टॉकीज तुमचं, पडदा तुमचा, आणि खेळ लावायचा की नाही ते ठरवणार मुंबईचा कॉम्प्युटर. याबद्दल तक्रार करू नका, उलट जपून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. ऑपरेटरला फक्त म्हणा, 'काका, आता काय, बटनच दाबायचंय.' वाक्य साधं आहे, पण चाळीस वर्षांची नोकरी त्यात व्यवस्थित मावते. पगाराचा प्रश्न येत नाही, तो तुम्ही पूर्वीपासून वाढवलेलाच नाही. आणि जुनी मशिन भंगारात घालू नका, किलोच्या भावात काय मिळतंय! पुणे-बेंगलोर हायवेवर कुणी तरी 'जुन्या आठवणी' थाटाचं हॉटेल काढतच असतो. त्याच्या दारात, तांब्याच्या बंबाशेजारी, ते मशिन उभं राहील आणि लोक त्याला टेकून फोटो काढतील. तिकीट काढून आत आले नाहीत तेवढे लोक तिथं येतील.

सरकारला दोष द्यायला विसरू नका. यात अधूनमधून खरंही बोलता येतं, हा वरचा फायदा. 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारनं मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षं करमणूक कर पूर्ण माफ केला आणि पुढची दोन वर्षं चौथाई लावला. त्याच वर्षांत तुमचे वडील रोजच्या रोज तिकिटांचे हिशेब जुळवून पूर्ण कर भरत होते. ज्याच्याकडे एसी, सरकते जिने आणि बँकेचं कर्ज, त्याला सवलत, आणि ज्याच्याकडे ढेकूण, त्याला चलन. मग 2017 मध्ये जीएसटी आला. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर 18 टक्के, वर 28. 2019 च्या जानेवारीत ते 12 आणि 18 झाले. आणि 2025 च्या सप्टेंबरात स्वस्त तिकिटाचा दर 5 टक्क्यांवर आला. वरातीमागून घोडं आलं ते आलं, वर गावभर विचारतंय, नवरदेव कुठं आहे?

करोनाचा उल्लेख करताना डोळे किंचित ओले ठेवा. 2020 च्या मार्चात पडदे बंद झाले, ते 5 नोव्हेंबरला उघडले. तो मराठी रंगभूमी दिन, म्हणजे मुहूर्त सांगलीकरांनी काढल्यासारखा. अट निम्म्या क्षमतेची होती. निम्म्या थिएटरला भरपूर म्हणायची वेळ आलेल्या मालकाला ही अट ऐकून हसू आलं असेल, ते बाहेर दिसू देऊ नका. पुढच्या एप्रिलात पुन्हा कुलूप, ते 2021 च्या ऑक्टोबरात निघालं.

पूर आपल्याकडे घरचाच आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. टॉकीजची जमीन पडद्याकडे उतरती असते, त्यामुळे आत शिरलेलं पाणी नेमकं पुढच्या रांगांत, थर्डात जाऊन बसतं. आयुष्यभर ज्यांनी सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं त्यांच्याच खुर्च्या सगळ्यात आधी कुजतात. पाणी उपसायच्या आधी फोटो काढा. पडद्यावरची पाण्याची रेघ पुसू नका, बँकेचा माणूस आला की ती दाखवायची.

आता पुढे काय करायचं? बरेच जण मंगल कार्यालय सुचवतील. विचार वाईट नाही, पण तोच उतार तिथंही आडवा येतो. खुर्च्या काढल्या तरी जमीन घसरती ती घसरतीच. पंगतीत वाढलेली आमटी पडद्याकडे पळते आणि अक्षता गोळा करायला पुढेच जावं लागतं. यावर उपाय आपल्या परंपरेतच आहे : वरपक्ष बाल्कनीखालच्या उंच बाजूला बसवावा, मुलीकडचे खाली. कुणाला वेगळं काही वाटणारही नाही. गोदाम करायचं असेल तर खिडक्या नाहीत, भिंती जाड, हळदीला बरं. पण हळदीचं भाडं ते काय येणार!

तेव्हा शेवटी कॉम्प्लेक्सच. खाली मोबाइलची दुकानं, वर क्लासेस, त्यावर डोळ्यांचा दवाखाना. नकाशात चौथ्या मजल्यावर 'मिनी थिएटर' काढून घ्या. नकाशात काढायला खर्च नसतो. आणि नाव मात्र टॉकीजचंच ठेवा, पुढे फक्त 'प्लाझा' लावा. रिक्षावाले तसंही त्या चौकाला अजून पन्नास वर्षं टॉकीजच्याच नावानं हाक मारणार आहेत, मग पाटीवर वेगळा खर्च कशाला? शिवाय वारसा जपल्याचं समाधान मिळतं.

तुम्ही मालक नसाल, साधे सांगलीकर असाल, तर तुमचं काम सोपं आहे. शुक्रवारी रात्री आलेला पिक्चर शनिवारी सकाळी टेलिग्रामवर शोधा. टॉकीजचं तिकीट शंभरावरून एकशेवीस झालं की 'लुटायला बसलेत' म्हणा, आणि मल्टिप्लेक्समध्ये साडेतीनशेच्या लाह्या विकत घेताना काही म्हणू नका, तिथं एसी असतो. घरून नेलेली भडंगाची पुडी तेवढी पिशवीच्या तळाशी लपवा, दारात तपासतात. आपल्या टॉकीजात ती उघड खाता यायची, डोअरकीपर फार तर हात पुढे करायचा. बंद झाल्याची बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यात आधी तुमचा मेसेज पडला पाहिजे. ब्लॅकनं काढलेलं तिकीट, पडद्यावर उधळलेली चिल्लर, मॅटिनीला मारलेली दांडी, हे सगळं लिहा. शेवटचं कधी गेला होतात, ते लिहू नका.

मालकांसाठी अजून एक. शेवटच्या खेळाला तिकीट लावा. 'निरोपाचा खेळ, प्रवेश विनामूल्य' असला भावुकपणा करायला गेलात, तर हाऊसफुल्ल होईल. माणसं पायऱ्यांवर बसतील, बायका येतील, माळ्यावर टाकलेला हाऊसफुल्लचा बोर्ड कुणीतरी हौसेनं पुसून बाहेर आणून टांगेल, आणि बिल्डर नेमका त्याच वेळी रस्त्यावरून जाताना ते बघेल. गर्दीत एखादा तुमचा हात धरून म्हणणारच, 'अहो मालक, चालतंय की चांगलं! कशाला बंद करताय?' त्याच्याशी वाद घालू नका. हसून सांगा, 'पुढच्या शुक्रवारी या.' तो येणार नाही.