आधी श्वास, मग टार्गेट

कर्मचारी मरगळलेत? राजीनामे येताहेत? पगारवाढ हा फारच भौतिकवादी उपाय झाला. तुम्ही थेट आत्म्याला हात घाला.

सुरुवात ध्यानाच्या सत्राने करा. वेळ जेवणाच्या सुट्टीतली ठेवा, म्हणजे कंपनीचा वेळ वाचतो आणि माणसांना उपास घडतो. हजेरी ऐच्छिक आहे असं जाहीर करा आणि सह्यांचं रजिस्टर दारातच ठेवा. (ऐच्छिक म्हणजे काय, हे ऑफिसात कुणाला शिकवावं लागत नाही.)

विल्यम कान नावाच्या संशोधकाने १९९० मध्ये माणूस कामात जीव कधी ओततो, याच्या तीन अटी मांडल्या. कामात अर्थ वाटावा, मनातलं बोललं तर अंगाशी येणार नाही ही खात्री असावी आणि अंगात त्राण शिल्लक असावं. केवढा खर्चिक माणूस! तुम्ही त्यापेक्षा भिंतीवर कमळ रंगवून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये खोडी काढलीच. कामाच्या ठिकाणचा, साचत गेलेला आणि नीट न हाताळलेला ताण माणसाला बर्नआउटपर्यंत, म्हणजे पार थकून रिकामं होण्यापर्यंत नेतो, असं ती म्हणते. त्यातले ‘कामाच्या ठिकाणचा’ एवढे शब्द खोडा. उरलेला ताण ज्याचा त्याचा. पोस्टरवर छान दिसतो.

मग निनावी सर्वेक्षण घ्या. नाव अजिबात विचारू नका. फक्त विभाग, वय, पद आणि रुजू झाल्याची तारीख विचारा.

वार्षिक आढाव्यात निष्काम कर्म उपयोगी पडतं. फळाची आशा धरू नये, हे समोरच्याला मृदू आवाजात सांगा. तुमचं फळ दर तिमाहीला मोजलं जातं, हा विषय तिथे नको.

एक धोका मात्र आहे. ध्यानाने काहीजण खरोखरच शांत होतात. २०१८च्या एका अभ्यासात ध्यान करून उठलेल्यांची काम हातात घेण्याची इच्छाच कमी झालेली दिसली. कामाचा दर्जा मात्र घसरला नव्हता, म्हणजे बोट दाखवायलाही जागा नाही. असा माणूस वेळ संपली की बॅग उचलतो, तुमच्याकडे बघून प्रसन्न हसतो आणि घरी जातो. त्याला ताबडतोब प्रगत शिबिराला पाठवा.

शिबिर रविवारी ठेवा.