श्रीलंकेतले तमिळ आणि ‘आपण कशाला पडायचं?’

नमस्कार,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. श्रीलंकेतल्या तमिळांना न्याय मिळावा म्हणून भारताने दबाव आणावा, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : तमिळांचा प्रश्न हा श्रीलंकेचा घरचा मामला आहे, राजीव गांधींना मारणाऱ्या एलटीटीईचा (वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचा) पुळका आपल्याला नको, १९८७ मध्ये तिथे शांतिसेना म्हणून आपलं सैन्य पाठवून एकदा हात पोळलेच आहेत, आणि कोलंबोला दुखावलं तर चीनचं फावेल.

आधी एलटीटीईबद्दल. १९९० साली याच संघटनेने उत्तर प्रांतातल्या मुस्लिमांना घरादारातून हाकलून लावलं. तमिळ पोरांना जबरदस्तीने लढायला नेलं, आणि शेवटी शेवटी तर पळू पाहणाऱ्या तमिळांवरच गोळ्या झाडल्या. यातलं काहीही मला झाकायचं नाही. पण मे २००९ मध्ये, यादवी युद्धाच्या शेवटी, ईशान्य श्रीलंकेतल्या मुल्लिवाइक्कालच्या किनाऱ्यावर अडकलेली माणसं दोन्हीकडून मरत होती. सरकारने ‘इथे गोळीबार होणार नाही’ म्हणून जाहीर केलेल्या पट्ट्यातच लष्कराने तोफा डागल्या, इस्पितळंसुद्धा सोडली नाहीत. ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असण्याची शक्यता संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात नोंदवली. राजीव गांधींच्या हत्येचा हिशेब या लोकांकडून कसा मागायचा?

‘घरचा मामला’ म्हणता, तर घरात न्याय कसा मिळतो तेही बघा. डिसेंबर २००० मध्ये जाफनाजवळ मिरुसुविलला आठ तमिळांची हत्या झाली. त्यात लहान मुलंही होती. एका सार्जंटला फाशीची शिक्षा व्हायला २०१५ उजाडलं. सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. आणि मार्च २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी त्याला माफी देऊन सोडून दिलं. किलिनोच्ची, वव्हुनियात बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन आया २०१७ पासून रस्त्याकडेला बसल्या, त्यांनी यानंतर कुणाकडे बघायचं?

बाहेरच्या दबावाने काही होत नाही, असं कुणी म्हटलं तर तेही मला पटत नाही. युरोपीय संघाने मानवाधिकारांच्या मुद्द्यावर २०१० मध्ये श्रीलंकेची व्यापार सवलत काढून घेतली, २०१७ मध्ये अटी घालून परत दिली. २०२१ मध्ये युरोपीय संसदेने ती पुन्हा काढण्याचा विषय काढला, तेव्हा कुठे १९७९ चा दहशतवादविरोधी कायदा २०२२ मध्ये थोडा तरी सैल झाला. रद्द झाला नाही, हे खरंच आहे. म्हणून तर दबाव टिकवायला हवा. ब्रिटनने मार्च २०२५ मध्ये तीन माजी सेनाधिकाऱ्यांवर निर्बंध घातले आणि त्यांच्याच जोडीने एलटीटीईचा माजी कमांडर करुणा याच्यावरही. मला हीच पद्धत योग्य वाटते : गुन्हा ज्याचा त्याच्यावर कारवाई, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

आता चीन. भारताने जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत, २०१२ आणि २०१३ ला श्रीलंकेविरुद्ध मत दिलं, २०१४ पासून मतदान आलं की आपण तटस्थ. त्यातून मिळालं काय? २०१७ मध्ये श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीकडे गेलं. २०२२ च्या आर्थिक संकटात आपण श्रीलंकेला जवळपास चार अब्ज डॉलरची मदत केली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला आक्षेप असताना उपग्रहांचा माग काढणारं चिनी जहाज ‘युआन वांग ५’ त्याच बंदरात लागलं. आणि ऑक्टोबरमध्ये आपण पुन्हा तटस्थ राहिलो!

शांतिसेनेबद्दल तुमच्याशी सहमत आहे. अकराशेहून अधिक जवान आपण गमावले. आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये आपल्याच सैन्याच्या गोळीबारात जाफनाच्या रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मेल्या, हेही विसरता येत नाही. सैन्य पाठवा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. जिनिव्हात मत द्या, एवढं म्हणतो. १९८७ च्या भारत-श्रीलंका करारावर आपली सही आहे, त्यातून आलेल्या प्रांतिक परिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षं लटकल्या आहेत, त्या घ्यायला लावा. आणि तमिळनाडूच्या छावण्यांत पिढी जन्मली, वाढली, तरी त्या निर्वासितांना २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीतून वगळलं गेलं. तो कायदा बदलायला तर कोलंबोला विचारावंही लागत नाही.