रंग काळा झाला म्हणजे खत तयार झाले असे नव्हे

वायनरीतील द्राक्षाच्या चोथ्याचे खत काळे झाले आणि त्याला मातीचा वास येऊ लागला की ते वापरावे, असे एका लेखात म्हटले आहे; यावल तालुक्यातील केळी उत्पादक म्हणून मला हे पुरेसे वाटत नाही. केळीला पालाश (पोटॅश) भरपूर लागते आणि ते चोथ्यात, देठांत चांगले असते, म्हणून नाशिककडचा हा माल आम्हांला मोलाचा आहे. मात्र ताजा चोथा आम्लधर्मी असतो आणि बियांतील लिग्निन या कठीण, लाकडी घटकामुळे सावकाश कुजतो. शेणखत मिसळून लावलेला माझा ढीग चार महिन्यांनी काळाभोर दिसत होता, पण मूठभर खत चोळले तर अखंड बिया हाताला टोचत होत्या. वैशाखात तर ढीग उन्हाने वाळून थंड पडतो आणि खत तयार झाल्याचा भास होतो. पाणी मारून उलथापालथ केली की एक-दोन दिवसांत पुन्हा वाफ निघते, म्हणजे कुजणे बाकीच असते.

खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टसाठी (शहरातील कचऱ्याच्या खतासाठी) दिलेले निकष येथेही उपयोगी पडतात: कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) गुणोत्तर २० च्या आत, सामू (pH) ६.५ ते ७.५ आणि क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत. पालाशाबरोबर क्षारही येतात आणि आमच्या काळ्या जमिनीचा निचरा कमी, त्यामुळे वाहकता मी आधी पाहतो. प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी खताच्या गाळलेल्या अर्कात आणि साध्या पाण्यात मुळ्याचे बी रुजवून मुळांची लांबी जरूर ताडून पाहावी. अर्कातली मुळे आखूड व तपकिरी राहिली, तर तो ढीग आणखी महिनाभर मुरू द्यावा.