गुडघ्यात उड्या मोजून भरलेल्या नसतात: एका फिरत्या दाव्याला उत्तर

वयाची पस्तिशी ओलांडलेला एखादा व्यावसायिक बास्केटबॉलपटू गुडघ्यामुळे संघाबाहेर बसला की एक मजकूर नव्याने फिरू लागतो. त्यातले म्हणणे थोडक्यात असे आहे: गुडघा गाडीच्या टायरसारखा असतो आणि त्यात ठरावीक उड्याच भरलेल्या असतात, त्या संपल्या की कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) झिजते आणि वयापुढे कोणाचे काही चालत नाही, एमआरआयमध्ये झीज दिसली म्हणजे निकाल लागला, मग पूर्ण विश्रांती घ्यावी, फार तर इंजेक्शन घ्यावे किंवा दुर्बिणीतून गुडघा साफ करून घ्यावा, जुने खेळाडू सारे सोसून प्रत्येक सामना खेळत, आजचे मात्र विश्रांतीच्या नावाखाली सामने बुडवतात, आणि पस्तिशीनंतर गुडघा दुखला तर डॉक्टरकडे जाण्यातही अर्थ नाही, कारण ते वयाचेच दुखणे असते.

हा मजकूर वाचून खेळणे, पळणे, इतकेच काय जिने चढणेही सोडून देणारी माणसे आहेत, आणि ज्या सवयीने त्यांचा गुडघा टिकला असता नेमकी तीच ते सोडून देतात. म्हणून त्यातील एकेका विधानाचा विचार करणे मला गरजेचे वाटते.

पहिले विधान ठरावीक उड्यांचे. टायर वापराने फक्त झिजते, कूर्चा मात्र जिवंत आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या वंगणद्रवातून होते आणि हा द्रव तिच्यात खेळता राहण्यासाठी तिच्यावर दाब पडणे व तो सुटणे ही क्रिया सतत चालावी लागते. कण्याला इजा होऊन ज्यांचे पाय निकामी झाले आहेत अशा रुग्णांच्या गुडघ्यातील कूर्चा पातळ होत जाते असे आढळले आहे. इजेनंतर त्यांच्या गुडघ्यांनी तर एकही उडी मारलेली नसते. धावणाऱ्यांविषयीच्या अनेक अभ्यासांचा २०१७ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा हौसेने धावणाऱ्यांपैकी सुमारे ३.५ टक्के लोकांमध्ये गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजेचा संधिवात आढळला, तर न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये हेच प्रमाण सुमारे १०.२ टक्के निघाले. अशा तुलनेवरून धावण्यानेच संधिवात टळतो असे सिद्ध होत नाही, कारण ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहण्याची शक्यता असते. परंतु वापर म्हणजे झीज हे समीकरण मात्र त्यापुढे टिकत नाही.

त्याच आढाव्यात स्पर्धात्मक पातळीवरच्या धावपटूंमधील प्रमाण सुमारे १३.३ टक्के होते, हेही सांगितले पाहिजे. मजकुरातला सत्याचा अंश येथे आहे. दोन मीटर उंचीचा, शंभर किलोच्या आसपास वजनाचा खेळाडू एनबीएत, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, सहा महिन्यांहून कमी काळात ८२ सामने खेळतो आणि प्रत्येक उडीनंतर जमिनीवर येताना वजनाच्या कित्येक पट भार गुडघ्यावर घेतो, तेव्हा हौशी खेळाचे निष्कर्ष त्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. मात्र या वरच्या पातळीवर गुडघा बिघडण्यात मोठा वाटा दुखापतींचा असतो. पुढचा क्रूसीय अस्थिबंध (एसीएल, गुडघ्यातील हाडांना आतून बांधून ठेवणारा पट्टा) तुटलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांत दहा ते वीस वर्षांनी संधिवाताच्या खुणा दिसतात. मेनिस्कस, म्हणजे मांडीचे व नडगीचे हाड यांच्यामधली चंद्रकोरीसारखी गादी, काढून टाकावी लागली तर तिने वाटून घेतलेला भार थेट कूर्चेवर येतो.

एनबीएतील खेळाडू ड्वेन वेडचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. महाविद्यालयात खेळत असताना त्याच्या गुडघ्यातील मेनिस्कस काढण्यात आला, आणि पुढे आपल्या गुडघ्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्याच शस्त्रक्रियेत असल्याचे त्याने जाहीरपणे सांगितले. २०१३-१४ च्या हंगामात तो ८२ पैकी केवळ ५४ सामने खेळला. फाटलेला मेनिस्कस शिवायचा की काढायचा, हा निर्णय आजही खेळाडूपुढे येतो. काढल्यास तो काही आठवड्यांत मैदानात परतू शकतो, शिवल्यास अनेक महिने बाहेर राहावे लागते, आणि गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असल्यामुळे प्रत्येक फाट शिवण्याजोगी नसते. विशीतल्या खेळाडूला तेव्हा आठवडे मोलाचे वाटतात. त्याची किंमत चुकती होते ती तिशीनंतर, आणि तेव्हा बघणारे दोष देतात उड्यांना.

उड्यांनीच गुडघा संपत असता तर व्हिन्स कार्टर सर्वांत आधी संपायला हवा होता. डंक मारण्यासाठी, म्हणजे उंच उडी घेऊन चेंडू वरून बास्केटमध्ये घालण्यासाठी, त्याच्याइतका नावाजलेला खेळाडू क्वचितच झाला असेल, आणि २००२ मध्येच, पंचवीस वर्षांचा असताना, वाटीखालच्या कंडरेच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या ऊतीच्या) दुखण्यासाठी त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. तो २०२० मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता आणि एनबीएत बावीस हंगाम खेळलेला होता. एका खेळाडूवरून नियम सिद्ध होत नाही हे खरे. पण ‘कोणाचे काही चालत नाही’ असे सरसकट विधान मोडायला एकच खेळाडू पुरतो.

वयाचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. ब्रँडन रॉयने डिसेंबर २०११ मध्ये गुडघ्यांच्या झिजेमुळे निवृत्ती जाहीर केली तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. पुढच्या हंगामात त्याने पुनरागमन केले, पण पाच सामन्यांपलीकडे तो खेळू शकला नाही. उलट जेसन किडच्या गुडघ्यावर २००४ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, मायक्रोफ्रॅक्चरची शस्त्रक्रिया झाली. कूर्चा गेलेल्या जागी हाडाला बारीक छिद्रे पाडून तेथे नवी ऊती वाढू देण्याची ही पद्धत आहे आणि तिच्यानंतर पूर्वीसारखे खेळणे अनेकांना जमलेले नाही. किड मात्र २०११ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, डॅलसकडून विजेतेपद जिंकला आणि चाळिशीपर्यंत खेळला. वय काहीच करत नाही असे मी म्हणत नाही. मांडीच्या स्नायूंचा जोर व झटका कमी होतो, कंडरा भाराशी सावकाश जुळवून घेते, आणि एका सामन्यानंतर गुडघा पूर्ववत होण्यास लागणारा काळ वाढतो. परंतु या तिन्ही गोष्टींचा विचार करून सराव आखता येतो. म्हणून वय हा सरावाचे प्रमाण ठरवताना धरायचा एक घटक आहे. गुडघ्याची मुदत त्यावरून ठरत नाही.

एमआरआयबद्दलचे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते वैज्ञानिक भासते. कोणतीही तक्रार नसलेल्या वीस एनबीए खेळाडूंच्या चाळीस गुडघ्यांचे एमआरआय काढून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास निम्म्या गुडघ्यांत कूर्चेचे दोष दिसले, आणि ते खेळाडू खेळत होते. सामान्य माणसांत याहून वेगळे चित्र नाही: पन्नाशीपुढच्या, क्ष-किरणात संधिवात न दिसलेल्या ७१० लोकांच्या २०१२ मधील पाहणीत ८९ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये काही ना काही बिघाड आढळला, आणि ज्यांचा गुडघा दुखत नव्हता त्यांच्यातही हे प्रमाण जवळपास तितकेच होते. कूर्चेत मज्जातंतू नसल्यामुळे दुखणे बहुधा कूर्चेखालच्या हाडातून, सांध्याच्या सुजलेल्या अस्तरातून किंवा कंडरेतून येते. अहवालातले शब्द वाचून घाबरण्याआधी तो दोष आणि ते दुखणे एकाच जागेचे आहे का, हे तपासणाऱ्याच्या हातांनी ठरवावे लागते.

पूर्ण विश्रांतीचा सल्ला प्रेमापोटी दिला जातो हे मला माहीत आहे. तरी बास्केटबॉलपटूच्या नेहमीच्या दुखण्यात तो उपयोगी पडत नाही. ‘जंपर्स नी’ नावाने ओळखले जाणारे वाटीखालच्या कंडरेचे दुखणे नॉर्वेतील अव्वल खेळाडूंच्या एका पाहणीत बास्केटबॉल खेळणाऱ्यांपैकी ३२ टक्के जणांना होते. अशी कंडरा नुसती विसावली की दुखायची थांबते, पण तिची भार पेलण्याची ताकद आणखी घटते. खेळाडू बरे वाटून मैदानात उतरतो आणि दोन आठवड्यांत पुन्हा तिथेच येतो. तिला लागते ते जड वजनाचे, सावकाश केलेले आणि आठवड्यागणिक वाढवलेले व्यायाम. सुरुवातीला गुडघा न हलवता धरून ठेवण्याचे, मग सावकाश बैठकांचे, आणि शेवटी उड्यांचे. व्यायाम सुरू असताना थोडे दुखले तर चालते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेले असेल तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला असे समजून तो कमी करायचा असतो. याला बारा आठवडे सहज लागतात, कधी अधिकही, आणि हंगामाच्या मध्यात इतका धीर धरणे कोणालाही अवघड जाते. नितंबांचे व पोटऱ्यांचे स्नायू आणि उतरताना गुडघ्यासोबत खुबाही वाकवण्याची सवय यांचाही यात वाटा असतो, कारण तेथे शोषला न गेलेला भार शेवटी गुडघ्यालाच घ्यावा लागतो.

इंजेक्शन आणि दुर्बिणीबाबत थोडक्यात. झिजेच्या संधिवातात दर तीन महिन्यांनी दोन वर्षे स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांची तुलना मिठाचे पाणी टोचलेल्यांशी २०१७ मध्ये केली गेली, तेव्हा दुखण्यात फरक पडला नव्हता आणि स्टेरॉइडच्या गटात कूर्चा अधिक घटली होती. रक्तातील प्लेटलेट गोळा करून टोचण्याचा, म्हणजे पीआरपीचा, २८८ रुग्णांवरचा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा महिन्यांनी दुखण्यात वा कूर्चेच्या प्रमाणात मिठाच्या पाण्याहून लक्षणीय फरक निघाला नाही. झिजलेला गुडघा दुर्बिणीतून धुऊन साफ करण्याची शस्त्रक्रिया २००२ मध्येच केवळ कातडीला छेद देऊन केलेल्या लटक्या शस्त्रक्रियेशी ताडून पाहिली गेली आणि ती सरस ठरली नाही. हे प्रयोग मुख्यतः वयस्कर सामान्य रुग्णांवरचे आहेत. खेळताना अडकलेला, मेनिस्कसची फाट मध्ये आलेला गुडघा ही वेगळी गोष्ट आहे आणि तेथे शस्त्रक्रियेला जागा आहे. एनबीएतील खेळाडू कोबी ब्रायंट २०११ मध्ये गुडघ्यावरील उपचारासाठी जर्मनीला गेला आणि त्याला बरे वाटले, हे उदाहरण फार दिले जाते. त्याचे बरे वाटणे मी नाकारत नाही. मात्र त्याच्या जोडीला सराव, आहार, विश्रांती आणि तज्ज्ञांचा ताफा होता. त्यातले कशाने काय साधले हे एका माणसावरून सांगता येत नाही.

जुन्या खेळाडूंची गोष्ट सांगताना आपल्याला आठवतात ते टिकलेले. करीम अब्दुल-जब्बार बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत खेळला हे सर्वांना ठाऊक असते. एल्जिन बेलरचा गुडघा १९६५ च्या बाद फेरीत मोडला, त्यानंतर तो कधीच पूर्वीसारखा राहिला नाही, आणि १९७१ मध्ये हंगामाचे नऊ सामने झाल्यावर त्याने खेळ थांबवला. त्याच हंगामात त्याचा संघ, लेकर्स, विजेता झाला. बिली कनिंगहॅमची कारकीर्द डिसेंबर १९७५ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने संपली. ही माणसे सोशिकपणात कमी नव्हती. सोसणे हाच उपाय असता तर ती आणखी खेळली असती.

आणि आजच्या विश्रांतीला आळस म्हणणाऱ्यांनी टिम डंकनकडे पाहावे. एप्रिल २००० मध्ये त्याच्या डाव्या गुडघ्यातील मेनिस्कस फाटला. ऐन भरात तो सामन्यागणिक चाळीस मिनिटांच्या आसपास खेळत असे; पुढे ती मिनिटे प्रशिक्षक ग्रेग पोपोविचने तिसाच्या आत आणली. नोव्हेंबर २०१२ मध्ये डंकनसह चौघांना मायामीच्या सामन्याआधी विश्रांतीसाठी घरी पाठवल्याबद्दल एनबीएने त्याच्या सॅन अँटोनियो संघाला अडीच लाख डॉलरचा दंड केला. त्याच हंगामात, सदतिसाव्या वर्षी, डंकनची निवड वर्षाच्या सर्वोत्तम पाचांत झाली, आणि २०१४ मध्ये त्या संघाने विजेतेपद मिळवले तेव्हा त्यातील एकाही खेळाडूची सरासरी तीस मिनिटांपर्यंत पोचलेली नव्हती. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाची निराशा खरी आहे आणि ती मला क्षुल्लक वाटत नाही. शिवाय सामने चुकवल्याने पुढच्या दुखापती कमी होतात असा पुरावा आपल्या आकडेवारीत सापडला नाही, असे एनबीएने जानेवारी २०२४ मधील अहवालात म्हटले आहे. हा निष्कर्ष मी बाजूला सारू इच्छित नाही. परंतु तो सर्व वयांच्या खेळाडूंचा एकत्रित हिशेब आहे. एकदा शिवलेल्या किंवा गादी गेलेल्या गुडघ्याला सलग दोन रात्री खेळवावे का, हा प्रश्न त्या गुडघ्याची सूज, ताकद आणि दुसऱ्या सकाळची अवस्था पाहूनच सुटतो. एखादा सामना वगळणे आणि महिनाभर अंथरुणावर पडून राहणे यांत मोठे अंतर आहे, आणि वर पूर्ण विश्रांतीला माझा जो आक्षेप आहे तो दुसऱ्या गोष्टीला आहे.

उरले ते डॉक्टरकडे न जाण्याचे. गुडघा पिळवटल्यावर काही तासांत टम्म सुजला तर आत रक्त साचले असण्याची आणि अस्थिबंध तुटला असण्याची शक्यता असते. तो मध्येच अडकून सरळ होत नसेल तर मेनिस्कसचा तुकडा आत सरकलेला असू शकतो. उडी घेताना काहीतरी तुटल्यासारखे होऊन पाय सरळ उचलताच येत नसेल तर वाटीची कंडरा फाटलेली असू शकते, आणि तिची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली की ती अवघड होत जाते. चालताना गुडघा वारंवार दगा देत असेल, किंवा तो लाल व गरम होऊन सोबत ताप असेल, तर वयाचा हिशेब करत बसू नये. यातली कोणतीही गोष्ट पस्तिशीत वा पन्नाशीत झाली म्हणून ती वयाचे दुखणे ठरत नाही, आणि ताप व सूज एकत्र असतील तर त्याच दिवशी तपासून घ्यावे, कारण जंतुसंसर्ग झालेला सांधा काही दिवसांत कायमचा खराब होऊ शकतो.