मॉरिशसमध्ये बीच सोडून काही नाही म्हणणाऱ्यांना

आज दुपारी एका मुंजीला गेले होते. जेवताना शेजारी नात्यातलेच एक जण बसलेले, नुकतेच मॉरिशसहून आलेले. मी हौसेने विचारलं कसं वाटलं, तर म्हणाले, "अगं बीच, बीच आणि बीच. चौथ्या दिवशी कंटाळा येतो. बीच सोडून तिथे आहेच काय? एकदा बघून झालं, बास." आणि आजूबाजूच्या चौघांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले, मुंजीच्या पंगतीत कुठे वाद घालायचा. पण जिलेबी घशाखाली उतरेना. घरी येऊन साडी बदलली, चहा घेतला, तरी ते "आहेच काय" डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. मोठं होईल, वेळ असेल तरच वाचा.

ते उतरले होते फ्लिक आँ फ्लाकला, पश्चिम किनाऱ्यावरच्या बीचच्या गावात. तिथून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर कास्कावेल नावाचं गाव आहे. त्या गावात मराठी माणसं राहतात. आपली, म्हणजे खरोखर आपली, रत्नागिरीकडून गेलेली, पाच-सहा पिढ्यांपूर्वी. सहा रात्री त्या माणसाने त्यांच्यापासून दहा मिनिटांवर काढल्या आणि त्याला कुणी सांगितलंच नाही. पॅकेजवाल्याने नाही सांगितलं, गाईडने नाही सांगितलं, यांनी स्वतःही कधी विचारलं नाही.

आम्ही 2023 च्या गणपतीत गेलो होतो. आमच्याकडे गणपती मोठ्या दिरांच्या घरी असतो, आणि नवऱ्याला रजा नेमकी तेव्हाच मिळाली. मी जायला तयार नव्हते, आयुष्यात पहिल्यांदा आरतीला नसणार म्हणून विमानातसुद्धा तोंड पाडून बसले होते. पहिले दोन दिवस आम्हीही वाळूतच होतो, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी टॅक्सी केली. ड्रायव्हर चाळिशीचा, आपल्यासारखाच दिसणारा, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. मी नवऱ्याला मराठीत म्हटलं की आज घरी आरती चालू असेल, तर त्याने आरशातून बघितलं आणि म्हणाला, "आरती? आप मराठी? हम भी मराठी." आणि त्याने सरळ विचारलं, आमच्या घरी गणपती आहे, येता का.

गाडीतच त्याने आडनाव सांगितलं तर ते आडनावच नव्हतं, एका माणसाचं पाळण्यातलं नाव होतं, शेवटी 'जी' लावलेलं. जहाजातून उतरलेल्या माणसाचं नाव कारकुनाने इंग्रजीत जसं ऐकलं तसं लिहिलं आणि तेच पुढच्या सगळ्या पिढ्यांचं आडनाव झालं. आपल्यात पणजोबांचं नाव पटकन कुणाला आठवत नाही, आणि तिथे माणसं खापरपणजोबांचं नाव आडनाव म्हणून मिरवतात.

घर साधं, स्लॅबचं. ओटीवर चपलांचा ढीग. आत गणपती, मखर केळीच्या खांबांचं, आणि समोर एक आजी, ऐंशीच्या पुढच्या, पांढरी साडी, हातात झांजा. आणि त्यांनी आरती सुरू केली. पूर्ण आरती, एक शब्द इकडचा तिकडे नाही, आमच्या संगमेश्वरच्या घरी माझी आजी जिथे श्वास घ्यायची तिथेच श्वास घेत. माझ्या डोळ्यातून पाणी थांबेना. आरती संपल्यावर मी त्यांच्या जवळ जाऊन बसले आणि मराठीत विचारलं, "आजी, बऱ्या आहात ना?" तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग नातवाकडे बघितलं. त्याने क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंचवरून आलेल्या बोलीत, सांगितलं तेव्हा त्या हसल्या. म्हणजे आरती सगळी पाठ, पण बोलायला मराठी नाही. घरात आता क्रिओलच बोलतात. मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. वाईट वाटलं म्हणावं तर ते खरं नाही, कारण इतक्या वर्षांत सगळं पुसलं गेलं तरी हे एवढं त्यांनी धरून ठेवलेलं होतं.

आम्ही निघायला उठलो तेव्हा आजींनी माझा हात धरला आणि दोनच शब्द बोलल्या, स्वच्छ मराठीत. "जेवून जा."

हे लिहितानाही हात थांबला माझा. त्यांच्याकडे उरलेल्या मराठीत हे दोन शब्द होते.

आता सांगा, बीच सोडून तिथे आहेच काय?

त्या माणसांना तिथे कुणी हनिमूनला नेलं नव्हतं. 1835 मध्ये तिथली गुलामगिरी बंद होणार होती, आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, तर इंग्रजांनी इथून उचलली. 2 नोव्हेंबर 1834 ला पहिले 36 मजूर 'अॅटलास' जहाजातून पोर्ट लुईच्या बंदरात उतरले, आणि 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं त्या बंदरात आली. पाच लाख! काही तिथून पुढे दुसऱ्या वसाहतींत गेली, बाकीची राहिली. मजुरीच्या कराराचं, ॲग्रीमेंटचं, त्यांच्या तोंडी झालं गिरमिट. तो धक्का आजही आहे, आप्रवासी घाट, 2006 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. बराचसा भाग पाडला गेला, मधून रस्ता गेला, पण समुद्राकडून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. काळ्या पायऱ्या, कडा झिजलेल्या. मी चप्पल काढून बाजूला उभी राहिले. गाईडवाल्या गाड्या तिथे वीस मिनिटं थांबतात आणि मग दोन तास वॉटरफ्रंटवर शॉपिंगला सोडतात. वीस मिनिटं!

आणि ते दगड. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सप्टेंबरात तिथे ऊसतोडणी चालू असते, त्यामुळे अर्धी शेतं मोकळी, आणि प्रत्येक शेताच्या मध्ये काळ्या दगडांचे ढिगारे. कुठे लांबलचक भिंतीसारखे, कुठे दोन माणसं उंच, पायऱ्यापायऱ्यांचे, देवळाचा चौथरा असावा तसे रचलेले. मला वाटलं जुनी बांधकामं असतील. ड्रायव्हरला विचारलं तर त्याने गाडी बाजूला घेतली. ज्वालामुखीचं बेट आहे, जमिनीत दगडच दगड, ऊस लावायचा तर आधी ते काढायला हवेत. ते सगळे हातांनी काढले, गुलामांनी आणि मग आपल्या माणसांनी, आणि शेताच्या मध्येच रचून ठेवले कारण लांब न्यायला वेळ कुठे. तो म्हणाला आमच्याकडे जुनी माणसं सांगायची की गावाकडे असताना मजूर गोळा करणारा येऊन बोलला होता, तिकडे दगड उलटला की खाली सोनं सापडतं. मी उतरून एका ढिगाऱ्याला हात लावला. उन्हाने तापलेला दगड, भोकं भोकं असलेला, खालच्या बाजूला शेवाळ. साधारण आपल्या पाट्याएवढा. एक उचलून बघितला, दोन हातांनीसुद्धा जेमतेम उचलला. असे हजारो, लाखो. विमानतळावरून रिसॉर्टला जाताना दोन्ही बाजूंना हेच दिसतं आणि आपण मोबाईलमध्ये असतो.

मान्य आहे, समुद्र सुंदर आहे. तसलं पाणी मी कुठे बघितलं नाही, तळाची वाळू मोजता येईल असं. लहान मुलं बरोबर असली तर त्यांना पाण्यातच खेळायचं असतं, आणि नवीन लग्न झालेल्यांनी हातात हात घालून वाळूत चाललंच पाहिजे. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझं म्हणणं "काही नाही" या शब्दांबद्दल आहे.

कारण बाकीचंही आहे हो. एवढासा देश, आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या भागापेक्षाही लहान, एका दिवसात या टोकापासून त्या टोकाला जाऊन येता येतं. पाम्प्लमूसच्या बागेत परातीएवढाल्या कमळाच्या पानांचं तळं आहे, तिथे तालिपोतचे ताड आहेत ज्यांना आयुष्यात एकदाच फुलोरा येतो, तोही कित्येक दशकांनी, आणि मग झाड मरतं. गंगा तलावला महाशिवरात्रीला लोक देशभरातून चालत कावडी घेऊन येतात. ल मोर्नचा डोंगर, ज्याच्यासमोर आपण फोटो काढतो, त्या कड्यांमध्ये मळ्यांतून पळालेले गुलाम लपून राहायचे. पोर्ट लुईच्या बाजारात ढोल पुरी मिळते. डाळ भरून लाटलेली पातळ पोळी, म्हणजे पुरणपोळीतला गूळ काढून घेतला तर जे राहील ते, वर घेवड्याच्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची चटणी, मिरची, आणि कागदात गुंडाळून हातात. जोडीनेच मिळते, एक कुणी मागत नाही. ती बिहारी आणि भोजपुरी माणसांनी नेली. मी उभ्या उभ्या दोन जोड्या खाल्ल्या आणि रिसॉर्टच्या त्या नऊ प्रकारच्या पावांची मला परत आठवणही झाली नाही.

पण मी परत परत त्या ओटीवरच येते. जेवायला बसलो खरे आम्ही. केळीचं पान, पुरी, लाल भोपळ्याची भाजी, खीर. जेवण झाल्यावर अंगणात झाकरी सुरू झाली. आपल्याकडे जाखडी म्हणतात, बाल्या नाच म्हणतात, तीच. पुरुष गोल धरून, ढोलकीवर एक जण गाणं सांगणारा, बाकीचे मागून ओढणारे. आमच्या गावात आता जाखडीसाठी पोरं गोळा करायला मुंबईहून बस यायची वाट बघावी लागते. आणि तिथे सतरा-अठरा वर्षांची मुलं, फुटबॉलचे टीशर्ट घातलेली, इंग्रजी-फ्रेंचमध्ये शिकणारी, बरोबर पाय टाकत होती. गाण्याचे शब्द त्यांना समजतात का, मी विचारलं. थोडे थोडे, म्हणाली. त्यातला एक शाळेत मराठी शिकतो, तिथे शाळेत मराठी विषय घेता येतो. त्याने मला वहीवर स्वतःचं नाव मराठीत लिहून दाखवलं. वेलांटी चुकली होती. मी सुधारली नाही.

गणपतीची सरकारी सुट्टी असते त्या देशात. आपल्या राज्याबाहेर, आपल्या देशाबाहेर, समुद्रापलीकडे.

कुणी म्हणेल की मग काय सगळ्यांनी त्या गावात बसेस घेऊन जायचं का, त्यांच्या घरात घुसून फोटो काढायचे का. नाही. हे बरोबर आहे, तसं अजिबात नको. आम्हाला बोलावलं म्हणून गेलो. पण घाटावर जायला कुणाचं आमंत्रण लागत नाही. टॅक्सीवाल्याला नाव विचारायला लागत नाही. दोन शब्द बोलायला लागत नाही. माझा राग त्या गृहस्थांवर आहे असं सुरुवातीला वाटत होतं, आता लिहिता लिहिता तो जरा उतरलाय. ते वाईट नाहीत. आयुष्यभर नोकरी केली, पहिल्यांदा परदेशात गेले, हातात छापील कार्यक्रम दिला त्याप्रमाणे फिरले. त्यांना कुणी "जेवून जा" म्हणालं नाही, एवढंच. राग आहे तो कार्यक्रम छापणाऱ्यांचा. मराठी माणसांकडून पैसे घेता, मराठी माणसांना नेता, जेवायला वरणभात देऊ म्हणून जाहिरात करता, आणि तिथल्या मराठी माणसांबद्दल एक ओळ लिहीत नाही तुम्ही?

असो. आता मुद्द्याचं.

निघताना ड्रायव्हरने आतून एक कागद आणला होता, लॅमिनेट केलेला. तिथल्या मोका गावात महात्मा गांधी संस्थेत जुन्या मजुरांच्या नोंदी ठेवलेल्या आहेत, तिथून त्याच्या वडिलांनी काढून आणलेला उतारा. मजुराचा नंबर, नाव, वय 22, उंची, जहाजाचं नाव. जिल्ह्यापुढे इंग्रजीत रत्नागिरी, चुकीच्या स्पेलिंगचं. त्याच्याखाली गावाचं नाव, शाई पसरलेली. आजींनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी चष्मा लावून, उजेडात नेऊन, सगळे प्रयत्न केले. नाही लागलं. त्यांचं बोट तसंच तिथे होतं. मी म्हटलं शोधते, आणि घरी येऊन दोन वर्षं काही केलं नाही. आज मुंजीवरून आल्यावर त्याला मेसेज केला. उत्तर आलं रात्री साडेअकराला, तिकडे दहा वाजले असतील. आजी बऱ्या आहेत, आता आरतीला बसूनच झांजा वाजवतात, म्हणाला. आणि त्या ओळीचा जवळून काढलेला फोटो पाठवला, इथे टाकायला हरकत नाही म्हणाला.

खाली कमेंटमध्ये टाकतेय. पहिलं अक्षर एस आहे हे नक्की, शेवटी बहुतेक डब्ल्यू आणि मग काहीतरी. म्हणजे सावर्डे, साखरपा, शिरगाव, असं काहीही असू शकतं, आणि जुनं स्पेलिंग कसं करायचे कोण जाणे. चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूरकडची मंडळी, जुने सातबारे वाचणारी, मोडी येणारी, इंग्रजांच्या काळातले कागद बघितलेली, कुणालाही जरा जरी अंदाज आला तर सांगा. चुकला तरी चालेल.