‘फ्रेंचमध्ये कुठे ब्लूज असतो?’ असतो की!

फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत जॅझ-ब्लूज गाणारी एखादी गायिका ‘माझी मुळं अकेडियन आहेत’ असं म्हणाली, की रसिकांच्या गप्पांत एक शेरा हमखास येतो आणि कौतुकाने पुढे सरकवला जातो: ‘अकेडियन म्हणजे कॅनडातले फ्रेंच शेतकरी आणि कोळी. त्यांचं संगीत फिडलचं. जॅझ आणि ब्लूज कृष्णवर्णीय अमेरिकनांचे, तेही इंग्रजीतले. वारसा वगैरे सगळी जाहिरात. दोन भाषा म्हणजे दोन बाजार.’ ऐकायला हे मोठं ठसकेबाज आहे. पण यातली एकच गोष्ट खरी आहे, आणि तीही अर्धीच. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी ते ‘कॅनडातले’. शेतकरी ते होतेच. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फंडीच्या उपसागराकाठची खारट दलदल बांध घालून त्यांनी पिकाऊ केली. कोकणातल्या माणसाला ‘खाजण’ म्हटलं की चित्र लगेच समोर येईल. १७१३ च्या तहात हा मुलूख ब्रिटिशांकडे गेला. १७५५ पासून पुढची आठ वर्षं तिथल्या लोकांना बोटींत कोंबून देशोधडीला लावण्यात आलं. दहा हजारांहून अधिक माणसं हाकलली गेली. व्हर्जिनियाने तर आपल्या वाट्याचे लोक उतरवूनच घेतले नाहीत, सरळ इंग्लंडला पाठवले. काही फ्रान्सला पोचले, आणि त्यांतले सुमारे सोळाशे १७८५ साली सात जहाजांतून अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडच्या लुईझियानात उतरले. त्यांच्या वीस वर्षं आधीच अकेडियनांचा पुढारी ब्रूसार ऊर्फ ‘बोसोलेय’ याच्याबरोबरचा जथा तिथे पोचला होता. ‘अकादियँ’चं ‘कादियँ’ आणि इंग्रजांच्या तोंडी ‘केजन’ झालं ते याच लुईझियानात. म्हणजे अकेडियनांची एक अख्खी शाखा ब्लूजच्या अंगणात शंभराहून जास्त वर्षं नांदल्यावर ब्लूज जन्माला आला. नकाशा उघडून न बघता शेरा मारला की असं होतं.

आता ‘ब्लूज इंग्रजीतलाच’. इथे मला आमेदे आर्दवाँबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. १८९८ चा जन्म, क्रिओल म्हणजे लुईझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीय समाजातला, हातात छोटा अकॉर्डियन, आवाज उंच आणि रडवेला, गाणं सगळं फ्रेंचमध्ये. १९२९ साली त्याच्या पहिल्या तबकड्या निघाल्या तेव्हा शेजारी फिडल घेऊन बसला होता डेनिस मॅगी, फ्रेंच बोलणारा गोरा केजन. वंशभेदाचे कायदे कडक असलेल्या राज्यात हे दोघे एकत्र नाचगाण्याच्या बैठका करत हिंडत. आर्दवाँच्या गाण्यांची नावंच बघा ना: ‘ले ब्लूज द ला प्रिझाँ’, म्हणजे तुरुंगाचा ब्लूज. ‘ब्लूज’ हा शब्द तसाच, बाकी सगळं फ्रेंच. त्याच्या या चाली पुढे गोऱ्या केजन वादकांनी इतक्या उचलल्या की आज ‘अस्सल केजन’ म्हणून जे वाजतं, त्यात त्याचा वाटा काढून ठेवताच येत नाही. त्याचा शेवट मात्र वाईट झाला. घाम पुसायला एका गोऱ्या बाईने रुमाल दिला, एवढ्या कारणावरून त्याला अर्धमेला होईस्तोवर मारलं असं सांगतात. १९४२ मध्ये पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात तो वारला.

त्याच्यानंतरचा क्लिफ्टन शेनिए १९५५ मध्ये ‘एय तीत फी’ फ्रेंचमध्ये गातो आणि ते चक्क ऱ्हिदम अँड ब्लूज असतं. पुढे आयुष्यभर तो एका रात्रीत दोन्ही भाषांत ब्लूज गायचा. श्रोत्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. (आणि ‘जॅझ इंग्रजीतच’ म्हणणाऱ्या आपल्या मंडळींनी गोव्याच्या ख्रिस पेरीच्या बँडसोबतची लॉर्नाची कोंकणी गाणी पुन्हा एकदा ऐकावीत, इतकंच.)

‘दोन भाषा म्हणजे दोन बाजार’ हा आरोप मला सगळ्यात उथळ वाटतो. लुईझियानाच्या १९२१ च्या राज्यघटनेने शाळेत इंग्रजी सक्तीची केली. फ्रेंच बोललं म्हणून पोरांना शिक्षा व्हायच्या, ‘मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही’ ही ओळ पुन्हा पुन्हा लिहून काढावी लागायची. ज्या घरात आजी फ्रेंच आणि नातू इंग्रजी बोलतो, तिथला गायक दोन भाषांत गातो यात धंदा कुठून आला? कॅनडात न्यू ब्रन्सविक हा एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत. मॉन्क्टनच्या आसपास तर ‘शियाक’ बोलतात, म्हणजे एकाच वाक्यात फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही. तिथे ‘एक भाषा निवड’ म्हणणं हेच बनावट वागायला सांगणं आहे.

बाजाराचंच बोलायचं तर हिशेब उलटा लागतो. लुईझियानाचा गायक झॅकरी रिशार नव्वदीच्या सुरुवातीला मोठ्या अमेरिकन कंपनीकडून इंग्रजी अल्बम काढत होता. त्याला कॅनडात घवघवीत यश मिळालं ते १९९६ च्या ‘काप आँराजे’ने, जो फ्रेंचमध्ये आहे. न्यू ब्रन्सविकची गायिका लीसा लब्लाँचं नाव झालं २०१२ च्या फ्रेंच अल्बमने. इंग्रजी गाणी तिने नंतर काढली. ती जॅझ गात नाही, बँजो घेऊन धिंगाणा घालते, पण भाषेचा मुद्दा तोच.

राहिलं ते अर्धं सत्य. जॅझ आणि ब्लूज कृष्णवर्णीयांनी घडवले, यात शंका नाही. न्यू ऑर्लीन्सच्या जॅझमधली फ्रेंचही अकेडियनांची नव्हे, क्रिओलांची. जॅझवादक सिडनी बेशेच्या घरची भाषा ती. किड ओरीच्या बँडने ‘ए ला बा’ गायलं ते त्याच बोलीत. क्रिओल आणि केजन हे दोन वेगळे समाज आहेत, आणि पर्यटनाच्या पत्रकांत ते सर्रास एकत्र कालवले जातात, याचा मलाही राग येतो. त्यामुळे एखादी गायिका हद्दपारीच्या कहाण्या सांगून टाळ्या घेत असेल आणि आर्दवाँचं नाव तिच्या तोंडी येत नसेल, तर तिला जरूर धारेवर धरा, मीही सोबत येईन. पण तेव्हा तक्रार अशी करा की तिने वारसा अर्धाच सांगितला. ‘तिचा वारसाच नाही’ हे १९२९ ची ती तबकडी ऐकल्यावर कुणाला म्हणता येणार नाही. त्या तबकडीवर अकॉर्डियन आर्दवाँचा आहे आणि फिडल मॅगीचं.