"अहो बाई, आधी सायकलला हात लावा": एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी इथे लिहिलं होतं की शहरातल्या सायकलींवर जे संशोधन होतं त्याची एक आंतरशाखीय परिषद पुण्यात भरायला हवी, आणि ती नुसती वाहतूक इंजिनिअरांची नको. डॉक्टर, समाजशास्त्राची, अर्थशास्त्राची, इतिहासाची माणसं, सगळ्यांनी दोन दिवस एका छपराखाली बसावं. त्यावर बिबवेवाडीच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली. ती खाली आहेच, पण सगळे खालपर्यंत वाचत नाहीत, म्हणून थोडक्यात सांगते. परिषदांनी रस्ते होत नाहीत. पुण्याचा २०१७ चा सायकल आराखडा पडून असताना आणखी कागद कशाला. असल्या परिषदा इंग्रजीत चालतात आणि पंक्चरवाल्याला तिथे कोणी विचारत नाही. शिवाय मी पॅरिसचं साल चुकवलं. आणि या सगळ्याची सुरुवात अशी: "अहो बाई, आधी सायकलला हात लावा. सायकलवर संशोधन करायला असतं काय? पाय मारले की चालते."

सालाचं आधी सांगून टाकते, तिथे ते बरोबर आहेत. पॅरिसची भाड्याच्या सायकलींची योजना २००७ ची. २००५ ची ती फ्रान्समधल्याच ल्यों शहराची. मी दोन्हींची गल्लत केली. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता "अहो बाई". या ब्लॉगवर माझं नाव वर ठळक लिहिलेलं आहे. ते वाचून, माझा अख्खा लेख वाचून, मग माणूस "बाई" म्हणतो तेव्हा तो हाक मारत नसतो, जागा दाखवत असतो. हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर तुम्ही "अहो बुवा, आधी सायकलला हात लावा" असं लिहिलं असतं का? तुम्ही "सर, आपल्या मताशी सहमत नाही" असंच लिहिलं असतं. मुद्दा पटत नसेल तर जरूर भांडा, मला भांडण वर्ज्य नाही. पण मी सायकल चालवलेली नसणार हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. नारायण पेठेतून नव्या पुलावरून, कोर्टासमोरून, वाकडेवाडीमार्गे खडकी, असा रोज जाऊन-येऊन प्रवास, तोही सायकलवर. पाळी सुटायची तेव्हा फाटकातून सायकलींचा जो लोंढा बाहेर पडायचा तो मी लहानपणी डोळ्यांनी पाहिला आहे. त्यांच्या सायकलच्या दांडीवर माझ्यासाठी एक छोटी सीट बसवलेली होती. मी स्वतः शिकले ती तासावर भाड्याने मिळणाऱ्या सायकलवर, दांडीखालून पाय घालून. १९८३ साली एस. पी. कॉलेजला गेले तेव्हापासून नोकरीतली पहिली बरीच वर्षं माझ्याकडे एकच वाहन होतं. पावसात चेन उतरली की हात काळे करून ती चढवायची, पदराला ग्रीस लागू नये म्हणून पदर खोचायचा, आणि तसंच कॅम्पातल्या बँकेत काउंटरवर जाऊन बसायचं. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना तार किती पिळायची हे मी कारागिराच्या शेजारी उकिडवी बसून पाहिलेलं आहे. आणखी किती हात लावू?

आणि सायकल सुटली कशी, तेही सांगते, कारण तुमच्या "असतं काय" या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

आमच्या भागातल्या एका मोठ्या रस्त्याला फूटपाथलगत सायकल ट्रॅक केला होता. लाल पेव्हर ब्लॉक, वर पांढरी सायकल रंगवलेली. सुरुवातीला दोन लोखंडी खांब, स्कूटर शिरू नये म्हणून. ते इतके जवळ होते की हँडल वाकडं करून, एक पाय टेकून, सायकल अक्षरशः ढकलत आत न्यावी लागायची. पुढे चाळीसेक पावलांवर ट्रॅकच्या मधोमध विजेचा डीपी. त्याच्यामागे ट्रॅक पुन्हा सुरू होत होता, जणू सायकल त्या डब्यातून आरपार जाणार आहे. एके दिवशी मी डीपी चुकवायला रस्त्यावर उतरले आणि पुढचं चाक चेंबरच्या झाकणाच्या फटीत अडकलं. डाव्या मनगटात आजही प्लेट आहे. थंडीत दुखते.

दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्याने विचारलं, "गाडी कोणती?" मी म्हटलं, सायकल. "समोरून कोणी धडकलं का?" नाही. त्याने लिहिलं: घसरून पडणे. बस. पोलिसात नोंद नाही, कारण कोणी धडकलंच नव्हतं. रस्त्यावरचा अपघात म्हणून कुठेही गणती नाही. मी न्हाणीघरात पडले असते तरी कागदावर तेच दोन शब्द आले असते.

आता तुम्हीच सांगा, हे कोणाच्या विषयात बसतं? ट्रॅक आखणाऱ्याने रुंदी मोजली, त्याच्या कागदावर रुंदी बरोबर होती. डॉक्टरांनी मनगट जोडलं, उत्तम जोडलं. पोलिसांपर्यंत प्रकरण गेलंच नाही. तिघांपैकी एकाचंही आपल्यापुरतं चुकलेलं नाही, आणि माझी सायकल मात्र सुटली. केसपेपर, पोलिसांची नोंद आणि रस्त्याचा नकाशा एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय तो डीपी कोणाला दिसणारच नाही. आंतरशाखीय या जड शब्दाचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे.

पाय मारले की चालते, हे खरं. पण पाय कोण मारतं, कोण थांबतं आणि का थांबतं, हे सायकलकडे बघून कळत नाही. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे देणारी योजना सुरू झाली. सगळ्यांना वाटलं, निवडणुकीची खैरात. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ती तपासली. मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली होती, मुलगे आणि मुली यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी घटली होती, आणि सगळ्यात जास्त फरक पडला होता तो शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत. सायकलचा हा गुण कुठल्याही इंजिनिअरच्या मोजपट्टीत सापडला नसता. तो शाळेच्या हजेरीपटात सापडला.

दुसरं उदाहरण. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक पीटर जेकबसन यांनी २००३ साली वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे लावून दाखवलं की सायकलवाले आणि पायी चालणारे दुप्पट झाले तर अपघात दुप्पट होत नाहीत, साधारण एक तृतीयांशाने वाढतात. म्हणजे एकेकट्याचा धोका उलट घटतो. माझ्या वडिलांना खडकीपर्यंत भीती का वाटत नव्हती आणि मला त्याच शहरात का वाटायला लागली, याचं अर्धं उत्तर त्यात आहे. ते लोंढ्यातून जात होते. मी एकटी होते. २०१८ साली पुण्यातली वाहनं माणसांपेक्षा जास्त झाल्याची बातमी आली, तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते खडकीचं फाटक.

आणि उरलेलं अर्धं? पुण्याच्या मुली, ज्यांच्या सायकलींच्या रांगा लक्ष्मी रस्त्यावर दिसायच्या, त्या कुठे गेल्या? माझी मुलगी सातवीपर्यंत सायकलने जायची, आठवीत तिने ती जिन्याखाली लावली ती लावलीच. मी कारण विचारलं, तिने सांगितलं नाही. मागे एका सकाळी मी टिळक रस्त्यावर वही घेऊन तासभर उभी राहिले होते. रात्रपाळी करून परतणारे वॉचमन, पेपर टाकणारी पोरं, दुधाच्या पिशव्या लटकवलेले, हेल्मेट घातलेले हौशी लोक, सगळे गेले. बायका हाताच्या बोटांवर. हे का, हे मला माहीत करून घ्यायचं आहे, आणि ते विचारायला जे शिकले आहेत त्यांनी विचारावं एवढीच माझी मागणी आहे. त्यात तुमचं काय बिघडलं?

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. आराखडा पडून आहे याचं दुःख मला तुमच्याइतकंच आहे, पण त्याचा राग परिषदेवर कशाला? परिषदांनी रस्ते होत नाहीत म्हणता. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. "मुलांची हत्या थांबवा" असं म्हणत लोक उतरले आणि मग तिथले रस्ते बदलत गेले. ती मुलं कोणीतरी मोजली होती म्हणून तो आकडा बोलता आला. आमच्याकडे "घसरून पडणे" असं लिहिलं जातं. १९८० साली जर्मनीत ब्रेमेनला सायकल वाहतुकीची 'वेलो-सिटी' परिषद सुरू झाली, १९९० साली ग्लासगोला सायकलच्या इतिहासाची. ती माणसंही मूर्ख नव्हती.

इंग्रजीचं म्हणाल तर मराठीत घ्या. मी कुठे नाही म्हटलं? पंक्चरवाल्याला बोलवा असं मी मूळ लेखात लिहिलं नाही, हे खरं, पण बोलवू नका असंही लिहिलेलं नाही. न लिहिलेल्या वाक्यांची उत्तरं मी कुठवर देत बसू?

तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही लिहिलं आहे की तुम्ही तीस वर्षं सायकल चालवता आणि तुम्हाला कुठल्या प्राध्यापकाने कधी काही विचारलं नाही. हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही ते माझ्याविरुद्ध लिहिलंत. मी त्याचसाठी तो लेख लिहिला होता, पण तुम्ही पॅरिसच्या सालापाशीच थांबलात.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, "बाई"सकट तिथेच आहे. पुढे लिहायचं असेल तर नाव घेऊन लिहा. आणि बिबवेवाडीहून येताना सायकल कुठे उतरवून हातात धरून चालावी लागते, ती ठिकाणं लिहा. ती मी वेगळ्या लेखात घेईन.